वगळलेलं नाव

"आज प्रार्थना तू करणार आहेस ना?"

उल्हासनं हे विचारलं तेव्हा मी मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसले होते. तो समोर उभा होता, पण माझ्याकडे न बघता सुपातल्या तांदळाकडे बघत होता. बाबांना तीन दिवसांपासून हिवतापानं धरलं होतं, आणि संध्याकाळची घरची प्रार्थना आज रिबकानं करावी, असं त्यांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं. रिबका म्हणजे मी.

"हो," मी म्हटलं.

"माझं नाव घेशील?"

मी खडा काढायच्या निमित्तानं मान खाली घातली.

"बाकी काही मागू नकोस, ताई. नोकरी नको, आरोग्य नको. नुसतं नाव घे."

"तुझी तू करतोस ना मनातल्या मनात?"

"नाही जमत," तो म्हणाला. "डोळे मिटले की पाणी दिसतं. मी कुठल्या तोंडानं बोलू त्याच्याशी? दुसरं कुणी माझ्यासाठी बोललं, तर निदान तिथं माझं नाव तरी पोचेल."

अठरा वर्षांचा होता तो. गालाची हाडं वर आली होती. मी म्हटलं, "घेईन." त्यानं मान हलवली आणि घागर उचलून पाणी भरायला गेला.

या गोष्टीला आता पन्नास वर्षं होऊन गेली. आमचं टाकळी हे गाव प्रवरेच्या कालव्यालगतचं. बाबा, याकोब वैरागर, तिथल्या मिशनच्या शाळेत हेडमास्तर होते आणि चर्चच्या मंडळीचे पंचही. गावातले लोक त्यांना नुसतं मास्तर म्हणत. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो; ते आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं आणि घंटा वाजवायचं कामही बाबांनीच अंगावर घेतलं होतं. घरात आई, मी, उल्हास आणि सगळ्यांत धाकटी तबिथा. तिला आम्ही तबी म्हणायचो. ती नऊ वर्षांची होती. मी तेव्हा नगरला डी.एड. करत होते. उल्हास मॅट्रिक होऊन साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागला होता.

आमच्या घरी दिवेलागणीला प्रार्थना होई. कंदील मध्ये ठेवायचा, चटईवर बसायचं, एक स्तोत्र वाचायचं, आणि मग बाबा डोळे मिटून बोलायला लागायचे. त्यांचा क्रम कधी बदलला नाही. आधी मंडळी, मग पाळकसाहेब, मग गावात कोण आजारी असेल तो, कुणाच्या घरी मयत झालं असेल ते घर, परीक्षेला बसलेली पोरं, राज्य चालवणारे. सगळ्यात शेवटी आम्ही. "तुझी दासी मार्था हिला सांभाळ. रिबकाला सांभाळ. उल्हासला सांभाळ. तबिथाला सांभाळ." आपलं नाव यायची वाट बघत आम्ही डुलक्या आवरायचो. तबी तर नाव आलं की डोळे उघडून सगळ्यांकडे बघून घ्यायची, आणि आई तिचं डोकं हलकेच खाली दाबायची.

बाबा म्हणायचे, आपण आपल्यासाठी मागतो ती गरज असते, दुसऱ्यासाठी मागतो ती प्रीती असते. एखाद्याचं नाव देवापुढे नेणं हे त्याचा हात धरून त्याला नेण्यासारखं असतं, म्हणायचे. ज्याला स्वतः चालत जाता येत नाही, त्याला तर न्यायलाच हवं. आमच्या मंडळीत मेलेल्यांसाठी मात्र प्रार्थना करत नसत. मेलेला माणूस देवाच्या हातात गेला, आता त्याच्यासाठी मागायचं काही उरलं नाही, अशी शिकवण. त्यामुळे कुणी वारलं की बाबांच्या प्रार्थनेतून त्याचं नाव जाई आणि त्या जागी त्याच्या मागे राहिलेल्यांची नावं येत.

ऑक्टोबरात दिवाळीच्या सुटीला मी घरी आले होते. त्या आठवड्यात कालव्याला पाणी सोडलं होतं. बाबांनी उल्हास आणि तबी दोघांनाही कालव्यावर जायला सक्त मनाई केली होती, तरी उल्हास वर्कशॉपमधल्या पोरांबरोबर पोहायला गेला आणि तबी त्याच्याबरोबर होती. त्यानं तिला काठावर कपड्यांपाशी बसवलं आणि उडी टाकली. चार हात मारून वर येऊन बघतो तर कपडे होते आणि तबी नव्हती. ती पायऱ्यांवर पाय धुवायला उतरली असावी, असं मागाहून लोक म्हणाले. कालव्याच्या खालच्या दरवाजापाशी ती सापडली तेव्हा उन्हं उतरली होती.

आम्ही सगळे धावत तिथं पोचलो. तिला काठावर निजवलं होतं आणि उल्हास ओल्या अंगानं तिच्या पायांशी बसला होता. बाबांनी आधी तिच्या तोंडावरचे केस मागे सारले. मग विचारलं, "हिला इथं कुणी आणलं?"

"मी आणलं," उल्हास म्हणाला.

बाबांनी त्याला मारलं नाही, एक शब्दही बोलले नाहीत. नंतरही बोलले नाहीत.

आठ दिवस घरची प्रार्थना झाली नाही. नवव्या दिवशी बाबांनी कंदील मध्ये ठेवला आणि आम्ही बसलो. आवाज नेहमीसारखाच होता. मंडळी, पाळकसाहेब, आजारी. मग, "मार्थाला सांभाळ. रिबकाला सांभाळ. आमेन."

तबीचं नाव येणार नाही हे आम्हाला ठाऊक होतं. पण उल्हासचंही आलं नाही. मी डोळे उघडले तर त्याचेही उघडे होते. तो बाबांच्या तोंडाकडे बघत होता, जणू अजून काही राहिलंय, येईल, म्हणून. मग त्यानं खाली बघितलं आणि चटईची काडी ओढत राहिला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. आईनं स्वयंपाकघरात बाबांना विचारलं, ते मी दाराआडून ऐकलं. बाबा चिडले नव्हते. म्हणाले, "मार्था, मनात नाही ते देवापुढे कसं बोलू? त्याचं नाव तोंडाशी येतं आणि पुढे येत नाही. मी खोटी प्रार्थना करणार नाही. ज्या दिवशी येईल त्या दिवशी घेईन."

आईला स्वतःला प्रार्थना करता येत नव्हती. तोंड उघडलं की ती तबीच्या नावाशी अडकायची आणि मग तिला सावरायला दोन माणसं लागायची. म्हणून बोलायचं बाबांनीच, आणि आम्ही ऐकायचं. आईजवळ राहायला म्हणून मी नगरला परत गेले नव्हते. चाळीस दिवस उल्हास रोज संध्याकाळी येऊन बसला. कामावरून उशीर झाला तर धावत यायचा. एकदाही चुकला नाही. रोज शेवटच्या नावांपाशी मान वर करायचा आणि रोज खाली घालायचा. गावात कुणी त्याला टाकून बोललं नाही. लोक त्याच्या पाठीवर हात ठेवायचे, पाळकसाहेब दोनदा येऊन गेले. पण त्याला गावाचं काय करायचं होतं?

मग बाबांना ताप आला आणि प्रार्थना माझ्याकडे आली.

बाबा खाटेवर होते, अंगावर दोन घोंगड्या. आम्ही खाटेजवळ चटई टाकली. नाताळ पंधरा दिवसांवर आला होता आणि देवळात पोरं गाण्यांचा सराव करत होती, ते ऐकू येत होतं. आमच्या दारात यंदा चांदणी लावायची नाही, हे न बोलता ठरलं होतं. मी स्तोत्र वाचलं. उल्हास माझ्या समोर बसला होता. त्यानं अंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता आणि केस नीट विंचरले होते.

मी डोळे मिटले आणि बोलायला लागले. बाबांचाच क्रम होता, मला तोंडपाठ होता. मंडळी झाली, पाळकसाहेब झाले, आजाऱ्यांत बाबांचं नाव घेतलं. मग घरचे. "आईला सांभाळ," मी म्हटलं, आणि पुढचं नाव उल्हासचंच होतं. माझं मला घ्यायचं नव्हतं.

मी डोळे उघडले. कशासाठी, ते मला आजही सांगता येत नाही. बाबा जागे होते. उशीवरून मान वळवून ते टक लावून माझ्याकडे बघत होते. तापानं लाल झालेले डोळे. मला वाटलं, घेऊन तर बघ, असं ते म्हणताहेत.

पण मी त्या नजरेला भ्याले असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. उरलेलं असं, की त्याचं नाव जिभेवर आलं आणि त्याच्यामागे दुसरं एक वाक्यही आलं. दोन्ही एकमेकांना चिकटलेली होती. एक बाहेर काढलं असतं तर दुसरं आत राहिलं नसतं.

त्या दिवशी तबीला त्याच्याबरोबर मी पाठवलं होतं.

मला शाळेतल्या पाठांची टाचणं लिहायची होती. सुटी संपत आली होती आणि एकही पुरं झालं नव्हतं. तबी सकाळपासून माझ्या मागे लागली होती, माझी दौत सांडून झाली होती. आई-बाबा एका बारशाला गेले होते. उल्हास सायकल काढत होता. मला म्हणाला, "बाबांना सांगू नकोस, कालव्यावर चाललोय." मी म्हटलं, "हिलाही घेऊन जा." तो म्हणाला, "ताई, पाणी फार आहे, मी पोहायला चाललोय, हिला नको." मी म्हटलं, "काठावर बसेल ती. ने रे बाबा, मला जरा लिहू दे." मी स्वतः तिला उचलून कॅरियरवर बसवलं.

काठावर बाबांनी विचारलं तेव्हा मी तिथंच उभी होते. उल्हासनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "मी आणलं" म्हणाला आणि ते तसंच राहिलं. पहिल्या दिवशी मला बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी माती दिली. मग आठवडा झाला, मग महिना, आणि नंतर बोलायचं तर गप्प का राहिले तेही सांगावं लागणार होतं. तो मात्र त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. तांदूळ निवडताना माझ्यासमोर उभा राहिला तेव्हाही नाही. त्यानं एवढंच मागितलं, की नाव घे.

"आईला सांभाळ," मी म्हटलं होतं. मग म्हटलं, "आमेन."

आई "आमेन" म्हणाली. बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. उल्हास शेवटी म्हणाला, अगदी स्पष्ट, "आमेन." मग त्यानं चटई गुंडाळून कोपऱ्यात ठेवली, बाबांच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला, जेवला. माझ्याकडे रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. हात धुताना एवढंच म्हणाला, "तू पुन्हा जेवायची थांबलीस, ताई. जेव."

सकाळी तो कामावर गेला आणि परत आला नाही. सायकल कारखान्याच्या फाटकाशी सापडली. मनमाडकडे जाणाऱ्या मालमोटारीत त्याला चढताना कुणीतरी पाहिलं होतं. बाबा ताप उतरल्यावर मनमाडला, भुसावळला जाऊन आले. आईनं पाळकसाहेबांकडून गावोगावच्या मंडळ्यांना पत्रं लिहवली. दोन वर्षांनी एक कार्ड आलं, "आई, मी बरा आहे, काळजी करू नये." त्यावर पत्ता नव्हता, शिक्का पुसट होता. आईनं ते कार्ड शास्त्रात, म्हणजे बायबलात ठेवलं आणि सात वर्षांनी ती गेली.

मी त्याच शाळेत शिक्षिका झाले. लग्न केलं नाही. संध्याकाळची प्रार्थना बाबाच करत. उल्हास गेल्यापासून त्यांनी घरच्यांची नावं घेणंच सोडलं. मंडळी, आजारी, राज्यकर्ते, आमेन.

तो गेल्यावर अकरा वर्षांनी नवापूरहून पत्र आलं. तिथल्या मंडळीचे पाळक गमनसिंग वळवी यांचं. शाळेच्या पत्त्यावर, मास्तर वैरागर यांच्या नावे. तेव्हा बाबांची दृष्टी गेल्यात जमा होती. मी संध्याकाळी घरी नेऊन ते त्यांना वाचून दाखवलं.

उल्हास तिथल्या लाकडाच्या वखारीत कामाला होता. चार वर्षं मंडळीत येत होता, शेवटच्या बाकावर बसायचा, प्रभुभोजन घ्यायला कधी पुढे आला नाही. क्षय झाला होता, उशिरा कळलं. मागच्या महिन्यात वारला. मंडळीनंच माती दिली. गाव आणि वडिलांचं नाव त्यानं शेवटच्या आठवड्यात सांगितलं, म्हणून पत्र लिहायला उशीर झाला, क्षमा असावी.

इथवर मी वाचलं. बाबा हात मांडीवर ठेवून ऐकत होते. पुढच्या ओळी मी आधी मनात वाचल्या आणि थांबले.

"अजून आहे?" बाबांनी विचारलं.

वगळता आल्या असत्या. त्यांना दिसत नव्हतं. पण मी वाचल्या. आमच्याकडे बुधवारी प्रार्थनासभा असते, पाळकांनी लिहिलं होतं. ज्याला कुणासाठी प्रार्थना हवी असेल तो उठून नाव सांगतो. उल्हासभाऊ चार वर्षं दर बुधवारी उठून एकच नाव सांगत. 'माझी ताई रिबका. तिच्या मनावर ओझं आहे, ते तिला एकटीला उचलत नाही.' कसलं ओझं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. आमची मंडळी लहान आहे, बहुतेक शेतमजूर आहेत. त्यांनी ताईंना पाहिलेलं नाही. पण नाव सर्वांना पाठ आहे, मुलंसुद्धा घेतात.

बाबा म्हणाले, "कसलं ओझं?"

मी सांगितलं. दौत, टाचणं, सायकल, कॅरियर, सगळं सांगितलं. एकतीस-बत्तीस वर्षांची बाई मी, पण आवाज लहान मुलीसारखा निघत होता. सांगून झाल्यावर मी वाट बघितली, की आता ते ओरडतील. ओरडले असते तर माझं काहीतरी सुटलं असतं.

"आणि त्या संध्याकाळी?" त्यांनी विचारलं. "मला ताप होता तेव्हा?"

"तुम्ही माझ्याकडे बघत होता," मी म्हटलं. "मी भ्याले."

बाबांनी मान हलवली. एकदा, दोनदा, हलवतच राहिले.

"ताप होता, पण बोलता येत होतं मला," ते म्हणाले. "मला त्याचं नाव घेता येत नव्हतं, पोरी. चाळीस दिवस खटपट केली. मग म्हटलं, रिबकाला जमेल. म्हणून प्रार्थना तुला दिली. तू घेशील, म्हणून मी वाट बघत होतो."

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. मी उठून कंदील लावला. त्यांना त्याचा उपयोग नव्हता, पण दिवेलागणीची वेळ झाली होती आणि मला दुसरं काही सुचलं नाही. कंदील मध्ये ठेवला. बाबांनी सवयीनं हात जोडले, डोळे मिटले.

"हे स्वर्गीय पित्या," ते म्हणाले. मग म्हणाले, "उल्हास..." आणि थांबले. मी ऐकत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. शेवटी त्यांनी हात सोडले.

"आता त्याच्यासाठी मागता येत नाही," ते म्हणाले. "आता वेळ गेली."

त्यानंतर ते तीन वर्षं जगले. रविवारी त्यांना हात धरून देवळात नेत असे, ते शेवटच्या बाकावर बसत. पण आमच्या घरात पुन्हा कुणी मोठ्यानं प्रार्थना केली नाही. शेजारच्या बायका कधी येऊन म्हणत, बाई, आमच्या नातवासाठी प्रार्थना करा, नवऱ्याचं ऑपरेशन आहे, आठवण ठेवा. मी त्यांची नावं एका वहीत लिहून घेई आणि रोज शाळेत जाण्याआधी एकेक घेई. एकही चुकवत नसे. अजूनही घेते. ऐकणारा ऐकतो की नाही, मला सांगता येणार नाही. कुणी बरं झालं तर त्या बायका मला येऊन सांगतात आणि माझ्या हातात शेंगा, भाजी, काहीबाही ठेवतात. मी ते घेते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

वळवी पाळकांचं पत्र मी पुरं वाचलं असं मघाशी वाटलं असेल, ते खरं नाही. शेवटच्या दोन ओळी मी बाबांना वाचून दाखवल्या नाहीत. त्यांत माझ्याबद्दल विचारलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, रिबकाताई हयात आहेत किंवा कसे हे आम्हास ठाऊक नाही. हयात असल्यास कृपया कळवावे, म्हणजे बुधवारी त्यांचे नाव चालू ठेवता येईल.

उत्तरासाठी आणलेलं कार्ड माझ्या शास्त्रात आठ दिवस कोरं पडून होतं. त्यांना काय लिहावं ते ठरेना. तुमचे उल्हासभाऊ निर्दोष होते, असं लिहावं, की आभार मानावे, की माझ्यासारखीचं नाव त्या गरीब माणसांच्या तोंडी नको, ते काढून टाका, असं कळवावं. तिन्ही लिहून बघितलं आणि तिन्ही कार्डं फाडली. चौथ्यावर दोनच ओळी लिहिल्या आणि मधल्या सुटीत स्वतः जाऊन ते टपालपेटीत टाकलं.

'रिबका वैरागर हयात आहे. तिचे नाव वगळू नये.'